वरचा कापूस

दिवाळी सरत आली की यवतमाळहून बाहेर जाणाऱ्या रस्त्यांवर बाभळींना कापूस लागतो. खरं म्हणजे लागत नाही, अडकतो. ठासून भरलेल्या गाड्या बाजाराकडे जातात, वाऱ्याने त्यांच्या कडेचा कापूस सुटतो आणि काट्यांना जाऊन बसतो. बाहेरच्या माणसांना हे फार सुंदर वाटतं. पुण्याहून आलेली माझी एक मैत्रीण गाडी थांबवून फोटो काढत बसली होती आणि मी शेजारी उभी राहून विचार करत होते, की काट्यावरच्या एवढ्याशा कापसासाठी कुणी किती वेळा वाकलं असेल. असं बोललं की समोरच्याचा विरस होतो, म्हणून आता बोलत नाही.

ऋतू फिरून आला की माणसाला म्हणे काहीतरी होतं. मन भरून येतं, गेलेलं परत येतं. मला कापूस फुटला की गुडघे आठवतात. आणि आठवून काही होत नाही. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय सुन्न पडतो, चिमटा काढला तरी दुसऱ्याचाच वाटतो, तसं. मुंग्या येतील, मग कळ येईल, मग पाय आपला होईल, अशी वाट पाहत मी कित्येक हंगाम बसले आहे. मुंग्यासुद्धा येत नाहीत.

यंदाही ताईचा फोन आला. "सीतादहीले ये वं. येनंच लागते."

ताई म्हणजे शशिकला, माझी थोरली बहीण. महागावच्या पुढे आतल्या रस्त्याला असलेल्या एका गावात तिला दिली आणि तिथे तिने जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचला. सीतादही म्हणजे पहिल्या वेचणीचा मुहूर्त. मालकीण बांधावर चार खडे मांडते, हळदकुंकू वाहते, दहीभात ठेवते, नव्या कापसाचा धागा झाडांना गुंडाळते. मग हातगुण चांगला अशा एखाद्या बाईने पहिलं बोंड वेचायचं, की बाकीच्या बाया ओळींना लागल्या. ताईच्या मालकिणीकडे ही हातगुणाची बाई वर्षानुवर्षं ताईच होती. आम्ही बौद्ध, त्यामुळे खड्यांपुढे हात जोडायचा प्रश्नच नव्हता. पूजा होईपर्यंत ताई बाजूला उभी राहायची, आटोपली की कमरेला कापसाची ओटी बांधून ओळीत शिरायची. मी एकदा तिला छेडलं, तर म्हणाली, "मी कोनाले पुजाले नाई येत. दह्यानं पोट थंड राह्यते, म्हून येतो."

मला जो हंगाम आठवतो तो पोळा झाल्यावर सुरू झाला, एका पांढऱ्या गाडीने. त्या गाडीत एक्स-रेचं यंत्र होतं आणि यंत्रापाशी मी होते. एक्स-रे काढणारी म्हणून ठिकठिकाणी कंत्राटावर चपला झिजवून झाल्यावर एका संशोधनात मला काम मिळालं होतं. माझ्या लेखी मोठी नोकरी. ताईच्या लेखी तर त्याहून मोठी. तिने गावभर दवंडी दिली होती, "माही रंजू डाक्टरायसंगं मशीन चालवते." त्या मशीनला तेव्हा ती देवासारखी मानायची, देव मानत नसूनही.

संशोधन गुडघ्यांचं होतं. वय वाढलं, काम फार झालं की गुडघ्यातली गादी झिजते. कुणाची झीज वर्षानुवर्षं रेंगाळते, कुणाची बघता बघता हाडाला हाड लावते. कुणाचं काय होणार हे आधीच कळलं तर त्या माणसाला वेळेवर सांभाळता येईल, असा सगळा खटाटोप. आमचे डॉक्टर भला माणूस, समजावून सांगायचा त्यांना भारी सोस. त्यांनी मला सांगितलं ते मी ताईच्या ओसरीत तिच्या टोळीतल्या वेचणाऱ्या बायांना सांगितलं. आपल्या थुंकीतून आपली जनुकं वाचता येतात. आईबापाकडून आलेल्या त्या जनुकांमध्ये बारीक बारीक खुणा असतात. एकेक खूण फार थोडं बोलते, पण पुष्कळ खुणा, गुडघ्याचा एक्स-रे, वय, वजन आणि तुम्ही दिलेली उत्तरं असं सगळं एकत्र करून संगणकाला दिलं, की तो अंदाज बांधतो. ज्यांचे गुडघे कसकसे बिघडत गेले हे ठाऊक आहे अशा पुष्कळ लोकांवरून तो आधी शिकलेला असतो.

ताई लगेच म्हणाली, "मंजे ग्रेडरवानी."

कापसाच्या बाजारात ग्रेडर गाडीपाशी येतो, वरची मूठभर सरकी-कापूस ओढून पाहतो, धागा बोटांत ताणतो आणि अख्ख्या गाडीची प्रत सांगून पुढे जातो. मी म्हटलं, "हो, जवळजवळ तसंच." माझी शिकवण इतक्या लवकर पोचली याचा मला आनंद झाला होता. ताईने मान हलवली आणि बायांकडे पाहिलं. ग्रेडर येणार असला की गाडी कशी भरायची, हे या मुलखात लहान पोरालाही शिकवावं लागत नाही. चांगला, कोरडा, पांढरा कापूस वर ठेवायचा. यात फसवणूक आहे असं कुणाला वाटत नाही. पाहुणा आला की चांगली सतरंजी काढतात, त्यातलाच तो प्रकार.

नळीत थुंकायचा कार्यक्रम मोठा झाला. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्लेला चालत नाही म्हटल्यावर अर्ध्या बाया चूळ भरायला गेल्या. भागाबाई म्हणून टोळीतली सगळ्यात म्हातारी बाई होती, ती नळी उजेडात धरून उलटीसुलटी पाहत राहिली. मग म्हणाली, "आपल्या आज्यापंज्याच्या गळ्यात मडकं बांधे म्हन्ते थुंकाले. भुईवर थुंकू देत नव्हते. आता पाह्य, लोकं नळी घेऊन घरी येऊन राह्यले." बाया हसल्या, मीही हसले. भागाबाई हसली नाही. तिने नीट, एक थेंब बाहेर न सांडता नळी भरली आणि पदराने पुसून माझ्या हातात दिली. नमुना बरोबर जातो की नाही हे पाहायला पहिली नळी मी माझीच भरली होती. तिच्याशेजारी ताईची ठेवली. एकाच मायबापाच्या दोन पोरींची थुंकी, शेजारी शेजारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक्स-रे आणि प्रश्न. लुगडं गुडघ्याच्या वर न्यायला बाया लाजत. निंदणाला एक गुडघा टेकून टेकून त्या गुडघ्याची कातडी काळी, जाड झालेली. दुसरा मऊ. एकाच बाईचे दोन गुडघे दोन वेगळ्या बायांचे वाटावेत असे, आणि जनुकं तर दोन्हींत तीच. हे मी डॉक्टरांना सांगितलंही, ते खूश झाले, त्यांनी टिपून घेतलं.

प्रश्न मात्र कुठल्यातरी थंड देशातून आले होते. भाषांतर कुणी केलं कोण जाणे. मोजे घालताना त्रास होतो का? मोटारीतून उतरताना? न्हाणीच्या टबात शिरताना? "मोजे कोन घालते वं?" भागाबाईने विचारलं. मी म्हटलं, त्रास होतो की नाही तेवढं सांग. "नाई मंग. कायचा तरास?" असं करत करत एकूण एक बाईला मोज्यांचा त्रास नव्हता, टबाचा नव्हता आणि मोटारीचा तर नव्हताच. त्यावर मी डॉक्टरांशी बोलले, आणि आम्ही आमचेही प्रश्न जोडले. उकिडवं बसता येतं का? ओझं घेऊन बांध चढता येतो का? रात्री ठणका लागतो का? पण त्यांनाही सगळ्या बाया फटाफट उत्तरं देत होत्या. "बसता येते." "चढता येते." "काईच ठनका नाई." ताई सर्वांत पुढे. तिने माझ्यासमोर उकिडवं बसून, हात न टेकता उठून दाखवलं. डॉक्टर म्हणाले, या बायका चिवट आहेत. मला अभिमान वाटला. तो अभिमान नेमका कसा वाटला होता हे आठवायचा मी प्रयत्न करते, पण आता तो शब्दच तेवढा हाताला लागतो.

अंदाज आले ते काही आठवड्यांनी. लाल, पिवळा, हिरवा असे रंग ठेवले होते, लोकांना कळावं म्हणून. लाल म्हणजे गुडघा लवकर खराब होण्याची भीती. ताई हिरवी आली. मी लाल. माझं वजन जास्त, स्कूटीवरून पडून एकदा गुडघा सुजलेला, आणि जिना चढताना दुखतं का याला मी खरंखरं हो म्हटलेलं. खुर्चीवर बसून काम करणारी लाल आणि उन्हात वाकून काम करणारी हिरवी, हे पाहून ताईला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. "रंजे, तू फेल! मी पास!"

मी तिला सांगितलं होतं की ताई, हा अंदाज आहे, दुखलं तर दुखलंच. पण पास म्हटल्यावर पुढचं कोण ऐकतं? तिच्या घरच्यांनी, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी हिरवा रंग पक्का धरला. आणि सगळ्यात पक्का धरला तिने स्वतः.

त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. ओळीत शिरलेली बाई दिसायची नाही, नुसता आवाज यायचा. लोक म्हणत होते, असं पीक पाहिलं नाही. मग फुलांच्या डोमकळ्या व्हायला लागल्या, पाकळ्या गुंडाळून मिटलेल्या. बोंड बाहेरून हिरवंगार, टणक. फोडलं की आत गुलाबी अळी आणि पिवळट, चिकटलेली कवडी, म्हणजे नीट न फुललेला कापूस. बियाण्यातच जनुक घातलंय, अळीची चिंता नको, असं पाकिटं विकताना सगळीकडे सांगितलेलं होतं. भागाबाई बोंड फोडून माझ्यापुढे धरून म्हणाली, "हेबी थुंकून पाह्यलं व्हतं का वं त्याईनं?" फवारणीच्या वासाने गावभर डोळे चुरचुरायचे आणि जेवणालाही तोच वास यायचा.

अळीच्या वर्षी वेचणी लवकर उरकावी लागते. जे बोंड बरं आहे ते आज काढलं नाही तर उद्या तेही गेलं. सगळ्या मालकांना एकाच वेळी बाया हव्या होत्या. कवडी वेचायला वेळ दुप्पट आणि वजन अर्धं, म्हणून बाया नाराज. टोळीतल्या एकेकीचे गुडघे बोलायला लागले, एकेक घरी बसली. ताई बसली नाही. तिला सगळीकडून बोलावणं यायचं, कारण तिचा गुडघा पास होता. एकदा तिने भाऊजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, सांगितलं की रात्री पाय फार ठणकतो. भाऊजी वाईट माणूस नव्हे. पण ते म्हणाले, "मशीननं पास केली ना तुले? मनाचे खेळ असतेत थे." आणि ताईला ते पटलं. मला पुढे हेच सगळ्यात जड गेलं. तिला स्वतःच्या ठणक्यापेक्षा माझ्या मशीनचं खरं वाटलं.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी ती खालची बोंडं वेचायला बसली आणि उठलीच नाही. आधी बायांना वाटलं थट्टा करते आहे. पांढऱ्या-पिवळ्या कापसाने भरलेली ओटी कमरेला तशीच, आणि ही दोन्ही हातांनी झाडाची फांदी धरून बसलेली. चौघींनी तिला उचलून बांधावर आणलं.

मी पोचले तेव्हा ती खाटेवर होती. गुडघा सुजून तकतकीत झालेला, हात लावला तर गरम. भागाबाई उशाशी बसली होती. मी म्हटलं, "असं कसं झालं गं एकदम? तेव्हा तर हात न टेकता उठली होतीस."

ताईने भिंतीकडे तोंड केलं. भागाबाईच बोलली. "गोळी खाल्ली व्हती बाप्पा. समद्यायनंच खाल्ली व्हती."

मग हळूहळू सगळं कळलं. एक्स-रेच्या दिवशी सकाळी ताई किराण्याच्या दुकानातून दुखण्याच्या गोळ्या घेऊन आली होती आणि टोळीतल्या प्रत्येक बाईच्या हातावर तिने एकेक गोळी ठेवली होती. आदल्या रात्री सगळ्यांनी गुडघ्यांना गरम तेल चोळलं होतं. दुखतं असं कुणी म्हणायचं नाही, ठरलं होतं. ग्रेडर येणार होता, म्हणून चांगला कापूस वर ठेवला. आणि हे कशासाठी, तर माझ्यासाठी. "तुही पयली मोठी नवकरी," ताई भिंतीकडेच पाहून म्हणाली. "गावच्या बाया समद्या लुळ्यापांगळ्या निंगाल्या असत्या, तर तुले काय मनलं असतं साहेबायनं?"

मी तिथेच बसून राहिले. रडू यायला हवं होतं, निदान राग तरी. कुणीतरी चहा आणून दिला तो मी प्याले. साखर जास्त होती, ते आठवतं. त्या क्षणापासून जे सुन्नपण आलं आहे ते मी अजून अंगावर घेऊन हिंडते.

मी परत जाऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, गोळीचा आणि थुंकीचा संबंध नाही, खुणा आहेत त्या आहेतच. तुमच्या बहिणीच्या जनुकांतल्या खुणा फार वाईट नव्हत्याच, तुमच्याही नाहीत. पण खुणा थोडंच बोलतात, पहिल्या एक्स-रेतही झीज अजून फारशी उतरली नव्हती, बाकीचं उत्तरांतून भरून काढलं गेलं. दुसऱ्या फेरीच्या एक्स-रेत झीज दिसेल, तेव्हा यंत्र आपली चूक दुरुस्त करेल. त्यांचा त्यावर खरोखर विश्वास होता, आणि माझाही बसला.

दुसऱ्या फेरीला गाडी गावात गेली नाही. ती दुसऱ्या जिल्ह्यात होती. बायांना एसटीने यवतमाळला यायचं होतं. एसटीची पहिली पायरी किती उंच असते हे ज्याचे गुडघे दुखतात त्यालाच ठाऊक. ज्या चढू शकल्या त्या आल्या. त्यांचे गुडघे बरे होते, तेच यंत्राने पाहिले. ज्यांना पाय उचलवला नाही त्या गावातच राहिल्या, आणि त्यांची शेवटची उत्तरं म्हणजे गोळी खाऊन दिलेली तीच. डॉक्टरांना मी हेही सांगितलं. त्यांनी आपल्या लेखात मर्यादा म्हणून दोन ओळी लिहिल्या. प्रामाणिकपणे लिहिल्या. पण शिकलेलं यंत्र शिकून बसलं होतं, की या भागातल्या बायांचे गुडघे उकिडवं बसूनही टिकतात.

माझा लाल गुडघा अजून बरा आहे. जिना चढताना कधीमधी करकरतो, एवढंच. मी आता शहरात एका ठिकाणी एक्स-रे काढते, आणि प्लेटला गुडघा लावला की आधी माणसाला विचारते, "सकाळी गोळी घेतली का?" लोकांना हा प्रश्न विचित्र वाटतो.

यंदा सीतादहीला गेले. मालकिणीने बांधावर ताईसाठी प्लास्टिकची लाल खुर्ची आणून ठेवली होती. ताई काठी घेऊन, भाऊजींच्या खांद्यावर हात टेकवून शेतापर्यंत आली आणि खुर्चीवर बसली. आता तिला जमिनीवर बसता येत नाही, बसली तर उठता येत नाही. भागाबाई गेली, तिच्या मयतीलाही ताई दारातूनच हात जोडून परतली. पूजा झाली. दहीभात वाटला. मग नेहमीसारख्या सगळ्यांच्या नजरा ताईकडे वळल्या आणि लगेच खाली गेल्या.

"तू वेच," ताई मला म्हणाली. "आपलं रगत एकच हाय. हातगुनबी तोच असन."

मी ओळीत शिरले. दव सुकत आलं होतं, पाचोळ्याचा वास होता, पायाला ढेकळं टोचत होती. खालच्या फांदीवर पूर्ण फुटलेलं एक बोंड होतं, तिथे गुडघे वाकवून बसले. चारी पाकळ्यांतून कापूस एका ओढीत निघाला, स्वच्छ, कोरडा. उठताना गुडघा करकरला. तो कापूस आणून मी ताईच्या ओंजळीत ठेवला. तिने सवयीने धागा ताणून पाहिला आणि मान डोलावली. बाया ओळींना लागल्या. आम्ही दोघी बांधावर राहिलो, ती खुर्चीत आणि मी तिच्या पायाशी.

"रंजू," ती थोड्या वेळाने म्हणाली, "तुह्या त्या मशीनीत माहा गुडघा अजून हिरवाच हाय काय वं?"

खोटं बोलायची गरज नव्हती. तिचा पुढचा एक्स-रे निघालाच नव्हता. "हो," मी म्हटलं. "हिरवाच आहे."

तिने हातातल्या कापसातून कचऱ्याची एक काडी काढून टाकली.

"मंग राहू दे तसाच," ताई म्हणाली. "कुठीतरी तं बरा हाय."